आपद्धर्माचे गणित

आज देवशयनी एकादशी. पंढरीत चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या मेळ्याने फुलले असेल आणि इकडे हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी नरसीला, नामदेवरायांच्या जन्मस्थानी माथा टेकण्यासाठी भाविकांची पावले वळत असतील. पंढरीहून परतलेला वारकरी वद्य एकादशीला नरसीची परतवारी करील, तेव्हाच त्याच्या लेखी त्याची वारी पुरी होईल. पिढ्यानुपिढ्या हा क्रम चालत आला आहे. ज्या दोन वर्षी तो खंडित झाला, त्या दोन वर्षांचा शांतपणे विचार करण्यास आजच्यासारखा दुसरा दिवस नाही, असे आम्हांला वाटते.

१ जुलै २०२० आणि २० जुलै २०२१ या त्या दोन आषाढी एकादशी. पहिल्या वर्षी मानाच्या पालख्यांतील संतांच्या पादुका मोजक्या मानकऱ्यांसह एस. टी. च्या गाडीतून दशमीला पंढरपुरी पोचल्या. दुसऱ्या वर्षी मानाच्या दहा पालख्यांना गाडीने जाण्याची परवानगी मिळाली आणि प्रत्येक पालखीसमवेत सुमारे ४० वारकरी होते. उरलेल्या लक्षावधी भाविकांनी घरीच टाळ वाजविला. २०२२ च्या आषाढीला पायी वारी पूर्ववत सुरू झाली आणि दिंड्या पुन्हा वाटेला लागल्या. परंतु एक प्रश्न अनेक घरांत अजून रेंगाळतो आहे. वारी थांबविली हे योग्य झाले काय? आणि उद्या पुन्हा एखादी साथ आली, तर आपण काय करावे?

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक म्हणतो, पांडुरंगाला सारी काळजी आहे, वारीत कोणाला काही होत नाही. दुसरा म्हणतो, सरकारचा हुकूम होता, विषय संपला. पहिल्याने सारा भार देवावर टाकला, दुसऱ्याने शासनावर. दोघांनीही तराजू हाती घेतला नाही. आमचे म्हणणे असे की, भाविकाने हा तराजू स्वतः हाती धरला पाहिजे, कारण तोलल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी एक त्याची श्रद्धा आहे आणि दुसरी त्याच्या घरच्यांचा व शेजाऱ्याचा प्राण आहे. हा तराजू कसा धरावा याचे एक शास्त्र आहे. त्याला जोखीमशास्त्र म्हणतात.

पेरणीचे शहाणपण

हे नाव नवे वाटले तरी या शास्त्राचे मूळ आपल्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याचा हात पाभरीकडे जातो. पण जाणता शेतकरी लगेच मूठ सोडत नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. एवढा पाऊस झाल्यावर पुढे खंड पडणारच नाही, अशी हमी विद्यापीठ देत नाही. ते एवढेच सांगते की, या मर्यादेपर्यंत थांबणाऱ्याचे बी वाया जाण्याचा संभव कमी असतो. मग शेतकरी सोयाबीनच्या ओळींत तुरीचे तास घालतो, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. दुबार पेरणीची वेळ आली तर असावे म्हणून थोडे बियाणे बाजूला ठेवतो. आणि एवढे सारे करून तो काळ्या आईला नमस्कार करतो व बाकीचे दैवावर सोपवितो.

यात काय काय आले पहा. पाऊस केव्हा येईल हे ठाऊक नाही, हे त्याने मान्य केले. तरीही निर्णय टाळला नाही. कोणत्या मर्यादेला काय करायचे हे आधीच ठरविले. एकाच उपायावर विसंबून न राहता चार उपाय एकत्र योजिले. चूक झालीच तर सावरण्याची सोय ठेविली. महासाथीच्या काळात जोखीमशास्त्र समाजाला नेमके हेच करावयास सांगते. ज्या शेतकऱ्याने हे सारे केले त्याला कोणी नास्तिक म्हणत नाही. उलट, काहीच न करता ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणाऱ्यालाच आपली लोकवाणी हसते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली एक भेद दाखवून दिला, तो येथे उपयोगी पडतो. फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता किती, हे मोजता येते, ती जोखीम. ज्या फाशाला किती बाजू आहेत हेच ठाऊक नाही, ती अनिश्चितता. २०२० च्या मार्चमध्ये साऱ्या जगापुढे दुसऱ्या प्रकारचा फासा होता. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाला जागतिक महासाथ म्हटले. तेव्हा तो वस्तूंच्या स्पर्शाने अधिक पसरतो की श्वासातून, लक्षणे नसलेला मनुष्य तो किती पसरवितो, यांविषयी शास्त्रज्ञांतही एकवाक्यता नव्हती. अशा वेळी पुराव्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

दिंडीचा हिशेब

आता मोजता येण्याजोगे जे आहे ते मोजू. हिशेबापुरते असे धरू की, एखाद्या आठवड्यात लोकांमध्ये दर २०० माणसांमागे एकाला नकळत लागण झालेली आहे. २०० मध्ये एक म्हणजे अगदीच थोडे, असे कोणालाही वाटेल. आता ४० जणांची दिंडी निघाली, तर तीत निदान एक बाधित असण्याची शक्यता किती? शंभरात सुमारे १८. दिंडी १०० जणांची असेल तर ती ३९ वर जाते. ५०० जणांची असेल तर शंभरात ९२. लाखोंच्या मेळ्यात मग शक्यतेची भाषाच उरत नाही. तेथे अनेक बाधित असणार हे निश्चितच धरावे लागते. प्रत्येक माणसाची स्वतःची जोखीम पूर्वी होती तेवढीच राहिली, समुदायाची मात्र आकाराबरोबर वाढत गेली. प्रत्येक पालखीसमवेत लाखो न जाता सुमारे ४० जण गेले, यामागचा तर्क या हिशेबाने स्पष्ट होतो. कोणाची भक्ती कमी लेखण्याचा प्रश्न त्यात नव्हता.

पुढचा हिशेब वयाचा. २०२० मधील पहिल्या लाटेच्या, मुख्यतः प्रगत देशांतील आकडेवारीवरून अभ्यासकांनी असा अंदाज केला की, लस नसताना लागण झालेल्या पंचविशीतल्या १०,००० माणसांमागे सुमारे एक दगावतो. पंचावन्नाव्या वर्षी हे प्रमाण १,००० मागे ४, पासष्टाव्या वर्षी १४, पंचाहत्तराव्या वर्षी ४६ आणि पंचाऐंशीव्या वर्षी १५० होते. हे आकडे आपल्या जिल्ह्याला तंतोतंत लागू पडतील असे नाही. परंतु चढण कोणत्या दिशेची आहे हे त्यांतून दिसते. दिंडीत पाठीवर पडशी टाकून चालणारी बहुतेक माणसे कोणत्या वयाची असतात, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

येथे एखादा वृद्ध वारकरी म्हणेल, आणि अनेकांनी तसे म्हटलेही आहे, की वारीच्या वाटेवर मरण आले तर त्यासारखे भाग्य नाही. या वचनापुढे आम्ही नम्र होतो. स्वतःचा देह विठ्ठलाला अर्पण करण्याचा अधिकार भक्ताला निःसंशय आहे. परंतु सांसर्गिक रोगाचे वैशिष्ट्य असे की, त्यात मनुष्य केवळ स्वतःचा प्राण पणाला लावीत नाही. शेगावची गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा या मार्गाने आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा वाटेवरची घरे पंगती वाढतात, पाय चेपून देतात, अंगण झाडून मुक्कामाला जागा देतात. त्या घरात कोणी आजारी आजी असेल, कोणी बाळंतीण असेल. वारकऱ्याने पत्करलेली जोखीम तिने पत्करलेली नसते. तिला तर कोणी विचारलेलेही नसते. आपल्या देहाचे दान देता येते, दुसऱ्याच्या देहाचे देता येत नाही. भूतदयेला भक्तीचे अंग मानणाऱ्या वारकरी संप्रदायाला ही गोष्ट सहज पटण्याजोगी आहे.

थोड्यातून पुष्कळ कसे होते याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने लवकरच घेतला. २०२० च्या एप्रिलपर्यंत येथील रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. मग मालेगाव व मुंबई येथे बंदोबस्तावर जाऊन परतलेल्या, हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलातील काही जवानांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले. कर्तव्य बजावून आलेल्या या जवानांना बोल लावण्याचे काही कारण नाही. आपला जिल्हा आडबाजूचा आहे, म्हणून साथ येथवर पोचणार नाही, हा समज मात्र त्या दिवशी संपला. पुढे दुसऱ्या लाटेच्या तोंडावर १ ते ७ मार्च २०२१ या आठवड्यात जिल्ह्यात संचारबंदी लावावी लागली.

‘निगेटिव्ह’ म्हणजे काय?

या काळात घरोघरी एक शब्द रुळला: निगेटिव्ह. चाचणी निगेटिव्ह आली की लोक निःशंक होत आणि लग्नाला, जत्रेला, तेराव्याला जात. शीघ्र प्रतिजन चाचणी आणली तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने जून २०२० मध्ये तिच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या होत्या. रोग असताना तो पकडण्याचे तिचे प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के, आणि रोग नसताना तसे सांगण्याचे ९९.३ ते १०० टक्के होते. याचा अर्थ असा. गावच्या यात्रेसाठी १,००० माणसांची ही चाचणी केली आणि त्यांत ५ जण खरोखर बाधित आहेत असे समजू. चाचणी त्यांपैकी दोन ते चार जणांना पकडील आणि उरलेले एक ते तीन जण निगेटिव्हचा कागद खिशात घालून गाभाऱ्यापर्यंत जातील. उलट, निरोगी ९९५ जणांपैकी वाईटात वाईट धरले तर सुमारे ७ जण उगाचच बाधित ठरतील.

म्हणून चाचणी टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. ती एक चाळणी आहे आणि प्रत्येक चाळणीला छिद्रे असतात. हळद चाळताना एका चाळणीतून जे निसटते ते दुसरीत अडकते, हे वसमतच्या बाजारातला हमालही सांगेल. मुखपट्टी ही एक चाळणी, मोकळी हवा दुसरी, कमी माणसे तिसरी, चाचणी चौथी आणि लस पाचवी. यांतील एकही परिपूर्ण नाही. एकत्र आल्या म्हणजे बरेच काही अडते. ‘मुखपट्टी लावूनही अमक्याला झाले, मग उपयोग काय?’ असे विचारणारा मनुष्य एका चाळणीकडून पाचांचे काम मागत असतो.

सल्ले बदलले, म्हणजे आधी खोटे सांगितले होते, अशीही एक तक्रार सर्वत्र ऐकू येई. जागतिक आरोग्य संघटनेने आरंभी सर्वसामान्यांना मुखपट्टीचा आग्रह केला नव्हता. ५ जून २०२० रोजी तिने आपला सल्ला बदलला. आरंभी लोक भाजी धूत होते, नोटा वाळवीत होते. पुढे श्वासातून होणारा प्रसार अधिक महत्त्वाचा ठरला. ज्ञान वाढले आणि सल्ला बदलला, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दोष असेल तर तो पहिल्याच दिवशी ‘आम्हांला अमुक एवढेच कळले आहे, उद्या हे बदलू शकेल’ असे न सांगण्याचा. सांगणाऱ्याने आपल्या अज्ञानाची सीमा सांगितली तर ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो, असे आमचे ठाम मत आहे.

दोन्ही पारडी

अर्थात तराजूला दोन पारडी असतात. केवळ रोगाचे पारडे पाहणारा मनुष्यही जोखीमशास्त्राचा अपराधीच. सावधगिरीलाही मोल पडते आणि ते बहुधा गरिबाच्या खिशातून जाते. वारी थांबली तेव्हा तुळशीमाळा, बुक्का, अष्टगंध विकणाऱ्यांची वर्षाची बेगमी गेली. कीर्तनकारांचे, मृदंगवाद्यांचे हात रिकामे राहिले. औंढ्याला बेलफुले विकून घर चालविणाऱ्यांच्या चुली मंदावल्या. रोगाच्या भीतीने व टाळेबंदीने दुसरे रोग लपून राहिले. देशात २०१९ साली क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० साली केवळ १८ लाखांच्या आसपास. क्षय कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचले नव्हते. हे सहा लाख दुसऱ्या पारड्यात ठेवावेच लागतील.

हे दोन्ही बाजूंनी तोलणे जुने आहे. देवी रोगावर लस निघण्यापूर्वी, रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाला टोचण्याची पद्धत होती. तिनेही काही माणसे मरत. स्वित्झर्लंडचे गणिती डॅनियल बर्नूली यांनी १७६० साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे हिशेब मांडला की, टोचण्याने दर २०० मागे एक दगावला असे धरले, तरी सर्वांना टोचल्यास सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल. अशीच वेळ आपल्या काळी आली. पुण्यात सीरम संस्थेने जी लस ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनविली, तीच लस ब्रिटनमध्ये दिली जात असताना रक्तात गुठळी होण्याचे विरळ प्रकार आढळले. एप्रिल २०२१ मध्ये तेथील औषध नियामकांनी सांगितले की, दोन कोटींहून अधिक मात्रांमागे असे ७९ रुग्ण आढळले असून त्यांतील १९ दगावले आहेत. त्यांनी हे लपविले नाही, आणि लसही थांबविली नाही. वृद्धांना लसीचा लाभ धोक्याच्या कैक पटींनी अधिक होता, म्हणून त्यांच्यासाठी ती चालू ठेविली. तिशीच्या आतल्यांना मुळात रोगाचाच धोका थोडा, म्हणून त्यांना दुसरी लस देऊ केली. एकच आकडा, पण वयानुसार निरनिराळा निर्णय. तराजू असा धरावयाचा असतो.

जेथे तो असा धरला जात नाही आणि केवळ दंडुका दाखविला जातो, तेथे काय होते, हे महाराष्ट्राला शिकविण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरांत घुसून झडत्या झाल्या, देवघरांची व स्त्रियांच्या मर्यादेची पर्वा राहिली नाही. रुग्ण वेगळे ठेवण्यामागचे वैद्यकीय कारण खोटे नव्हते. परंतु ज्यांच्यासाठी ते होते त्यांनाच शत्रू मानले गेले. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरील गोळीबारात झाली. लोकांनी रुग्ण लपविले की साथ वाढते आणि विश्वास गमावला की लोक रुग्ण लपवितात. म्हणून जनतेचा विश्वास हेही या शास्त्रातले एक मोजण्याजोगे द्रव्य आहे.

औंढ्याची कथा

धर्माला हा तराजू परका आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर एक स्वतंत्र उपपर्वच आहे. संकटकाळी आचार बदलावा लागतो, तो कोणत्या मर्यादेपर्यंत बदलावा, आणि संकट सरल्यावर मूळ आचाराकडे परतावे, हा विचार आपल्या पूर्वजांनी बारकाईने केला. आजपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासात संन्याशाने एका जागी राहावे, असा नेम आहे. नद्या दुथडी वाहत असतात, वाटा निसरड्या असतात, पायांखाली असंख्य जीव असतात. एरव्ही ज्याने भ्रमण करावे, त्यानेच या चार महिन्यांत थांबावे, हा धर्माचाच आदेश. थांबणे हाही नेम होऊ शकतो, हे आपल्या परंपरेने कधीच मान्य केले आहे.

आणि औंढ्याची कथा तर या जिल्ह्यातील प्रत्येक बालकाने ऐकलेली आहे. नामदेवरायांना नागनाथाच्या देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, तेव्हा ते देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तेथे कीर्तनास आरंभ केला. परंपरा सांगते की, देऊळच फिरले आणि देव भक्ताकडे तोंड करून उभा राहिला. या कथेचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या भावाप्रमाणे घ्यावा. आम्हांला तिच्यात एवढे दिसते की, भक्ताला एखादे दिवशी दारासमोरची जागा मिळाली नाही म्हणून देव त्याला अंतरत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये घरातल्या तुळशीवृंदावनापुढे ज्यांनी एकादशी केली, त्यांची वारी रुजू झाली नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

पुढच्या साथीपूर्वी

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. किती माणसे गेली याचा हिशेब मात्र अजून वादाचा आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात अधिकृत नोंदीनुसार सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू झाले. संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता आणि भारत सरकारने त्या अंदाजाला आक्षेप घेतला. मोजणी कच्ची असली की पुढचा तराजूही कच्चा राहतो. म्हणून आपल्या ग्रामपंचायतीत प्रत्येक जन्म आणि मृत्यू वेळेवर नोंदविणे, हे सुद्धा पुढच्या साथीशी लढण्याचे एक साधन आहे.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय सोडून आता काही गोष्टी निवांतपणे ठरविल्या पाहिजेत. जून २०२१ मध्ये राज्य शासनाने जिल्ह्यांचे पाच स्तर केले होते. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि प्राणवायूच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील, तर पहिला स्तर; प्रमाण २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या, तर पाचवा. ही पट्टी म्हणजे पेरणीच्या पावसाची मर्यादाच होती आणि ती योग्य दिशेची होती. परंतु मंदिरांच्या बाबतीत अशी पायरी भाविकांपर्यंत पोचलीच नाही. मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, पुढे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेस पुन्हा उघडली. मधल्या काळात दुकाने उघडी आणि देवळे बंद, हे दृश्य पाहून भाविकांची मने दुखावली. बंदी चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. तिचे कारण अंकांत मांडले गेले असते, तर ते दुःख पुष्कळ हलके झाले असते.

आमची सूचना अशी. औंढा आणि नरसी येथील देवस्थानांचे विश्वस्त, दिंड्यांचे प्रमुख, जिल्हा आरोग्य विभाग आणि महसूल अधिकारी यांनी साथ नसतानाच एकत्र बसावे व तीन-चार पायऱ्या लिहून ठेवाव्यात. कोणत्या पायरीला दर्शन नेहमीप्रमाणे, कोणत्या पायरीला मोकळ्या प्रांगणातून मुखदर्शन, कोणत्या पायरीला केवळ नित्यपूजा. प्रत्येक निर्बंधाबरोबर त्याची मुदत आणि तो उठविण्याची अट जाहीर व्हावी. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे. ज्यांची रोजी बुडेल त्यांच्यासाठी देवस्थानांनी व शासनाने आधीच काही शिल्लक बाजूला काढावी, कारण साऱ्यांच्या रक्षणाचा बोजा एका फुलवालीने वाहावा, हा न्याय नव्हे.

घराघरांतही थोडे काम आहे. आपल्या घरात कोणाचे वय अधिक, कोणाला मधुमेह, कोणाला दमा, हे ध्यानात ठेवून कोणी जावे आणि कोणी मागे राहावे हे ठरवावे. ‘अमक्याला झाले’ किंवा ‘तमक्याला काही झाले नाही’ या एका उदाहरणावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी ‘किती जणांपैकी?’ असा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी. हा एकच प्रश्न अर्ध्या अफवांचा निकाल लावतो. चातुर्मासात आपण कांदा-लसूण सोडतो, एकभुक्त राहतो, एखादी पोथी लावतो. त्यांच्या जोडीला या वर्षी हा एक नेम घ्यावा.

विठ्ठल विटेवर उभा आहे, तो भक्ताची वाट पाहण्यासाठी, असे आपण मानतो. वाट पाहणाऱ्याला घाई नसते. पुढच्या वर्षीची वारी करता येते. साथीत गेलेला वारकरी मात्र दिंडीत परत येत नाही. आज वाळवंटात नाचणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला पुढच्या आषाढीलाही तेथेच नाचता यावे, आणि ते साधण्यापुरता विवेक आम्हां सर्वांना लाभावा, एवढेच आम्ही पांडुरंगाच्या चरणी मागतो.